अंगठा लागत नाही

सात रस्त्याच्या घाटावर, शेवटच्या ओळीत,
बत्तीस नंबरच्या हौदाखाली
भट्टीचं पाणी साचून राहतं, पांढरट.
तिथून एक बाटली भरून आणली.
पट्टी बुडवली तर जांभळी झाली,
साडेदहाच्या पुढे.

अप्पांना पट्टी लागायची नाही.
दोन बोटं बुडवायचे, अंगठ्याने चोळायचे,
बुळबुळीत लागलं की म्हणायचे,
पुरे, आता सोडा टाकू नकोस.
कॉलेजात गेल्यावर मला कळलं,
ती बुळबुळ नुसती सोड्याची नसते.
आपल्याच कातडीच्या तेलाचा
साबण होत असतो तेव्हा.
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कलिन्याच्या प्रयोगशाळेत
थेंब काचेवर ठेवला
आणि ते पळत होते,
काडीएवढे जीव,
लग्नघरातल्यासारखे लगबगीने.

बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ.
यांच्या दारात बोहारीण बसलेली,
सोडियमचं एक भांडं देते,
प्रोटॉनची दोन लुगडी ओढून घेते.
तेच सोडियम परत आत येऊ लागलं
की त्याच्याकडून शेपटीचं चाक फिरवून घेतात.
फुकट कुणालाच प्रवेश नाही.
आत मात्र सगळं निवळ, जगण्याजोगं.

अप्पा संध्याकाळी अर्धं लिंबू
भेगांवर चोळायचे, दात आवळून.
यांनी आंबट भिंतीतच चिणलंय
आणि त्याची कृती
लिहून ठेवलीय पोराबाळांसाठी.

लोटलीकर मॅडम पडद्यावर बोट ठेवतात:
हे बघ. जी होता, तिथे सी.
एका अक्षराने जातं बदललं,
आता थोडक्या दाण्यातही दळतं.
मी विचारलं, शिकले कसे?
शिकत नाहीत गं, चुकतात.
बहुतेक चुकणारे मरतात.
एखादीची चूक खपून जाते.
आणि काही जनुकं उसनी,
मेलेल्या शेजाऱ्याच्या अंगावरची.

अप्पांची एकेचाळीस वर्षं म्हणजे
यांच्या लाखभर पिढ्या, जास्तच.
आमच्या घरात तेवढ्यात एक झाली.
मी. माझे हात मऊ आहेत,
पण ते हातमोज्यांमुळे.

काल रेशनच्या दुकानात
अप्पांचा अंगठा पाचव्यांदाही लागला नाही.
यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही.
पुसून ठेवा काका, पाटणकर म्हणाला.
अप्पांनी तो सदऱ्याला पुसला,
ट्यूबलाइटखाली धरून बघितला,
मी काच धरते तसा.
रेघ नव्हती. गुळगुळीत,
हौदाच्या कडेचा दगड.
माझ्या पिशवीत त्या जीवाची
बेचाळीस लाख अक्षरं होती,
एकही पुसलेलं नाही.

दुसरा हात द्या, पाटणकर म्हणाला.
अप्पांनी डावा पुढे केला.
सोड्यात तर नेहमी
तोच आधी जायचा.