फुंकणी

पित्ताशय काढलं सोमवारी.
बुधवारी कणकण, आणि जिना चढल्यागत धाप,
पडल्या जागीच.
डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीला धरला.
शहापुरात चोपन्न वर्षं मी दागिना असाच उजेडाला धरलाय,
खोट कुठाय ते मला दाखवावं लागत नाही.
उजवीकडे, तळाला, एक पांढुरका कोपरा.

"फुटलंय काय वो?"
"फुटलं नाही, अणवेकर. मिटलंय.
टाके दुखतात म्हणून तुम्ही वरवर श्वास घ्यालासा.
खाली वारा जात नाही, कफ दाराशी बसतो,
आतल्या बारीक पिशव्या चिकटून जातात."
म्हणजे नाडी ओढलेला बटवा.
"तसंच की," ते म्हणाले.

आणि औषध काय, तर खेळणं.
प्लास्टिकचे तीन कप्पे, तीन निळे चेंडू, एक नळी.
आता नळी मला कोण शिकवणार?
गाल फुगवून, नाकाने घेत, तोंडाने सोडत,
ज्योत तुटू न देता
अख्खी वाकी झाळलीय मी एका दमात.
फुंकलं.
चेंडू ढिम्म.

"ऊदब्याड्री अज्जा, एळीरी!"
शिवलीला सिस्टर, गोकाककडची.
हसत हसत तिने माझे फुगलेले गालच दाबले.
फुंकायचं नाही. ओढायचं.
एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओढला.
टाक्यांतून सणकन कळ.
पहिला चेंडू थरथरला, बोटभर उठला, आपटला.
"ओंदु," पलीकडच्या खाटेवरून अथणीचे मगदूम मोजतात.
त्यांना मराठी येत नाही,
असं ते मराठीत सांगतात.

तासाला दहा वेळा.
पोटाशी उशी आवळून खोकायचं.
पाठीवर सिस्टरच्या ओंजळीच्या थापट्या,
दुपारी सलाइनचा खांब धरून लिफ्टपर्यंत आणि परत.
रात्री खाली कुठंतरी
ओला कागद सुटावा तसं चटचट झालं.
भ्यालो.
मग कळलं, वारा पोचला.

शुक्रवारी दोन चेंडू वर,
तिसरा बूड धरून.
गुरुदास आला डब्यात पेज घेऊन.
दुकानात गॅसची टॉर्च त्याने केव्हाच आणलीय.
"बाबा, ती फुंकणी काढून ठेवू काय आता?"
मी बोट वर केलं. थांब.
नळी तोंडात होती,
आणि मगदूम "मूरु" म्हणायला
आ वासून बसले होते.