ओलं वजन पाच ग्रॅम

पुंजाराम गांगुर्डे, वय एकोणसाठ, सातपूर.
उजवं फुप्फुस, खालचा भाग.
बरणीवरचं लेबल मीच चिकटवलं होतं,
फॉर्मलीनने शाई थोडी पसरलीय.

सर म्हणाले, पाच ग्रॅम घ्या.
मी घेतलं. स्पंजासारखं लागायला हवं ते,
पण सुरीखाली कुठे कुठे
करवंटीची कड लागावी तसं करकरलं.

ब्लीचमध्ये ठेवलं. फरशीला वापरतो तेच,
जरा कडक.
दुपारपर्यंत मांस गेलं, शिरा गेल्या,
बावीस वर्षांच्या पाळ्यांत ओढलेला श्वास
जिथे जिथे वळला, ती वळणं गेली.
फिकट पाणी उरलं, कोणाचंही असावं तसं.

ते गाळायचं,
आणि जाळीवर जे राहील ते पाहायचं.

भिंगाखाली सोनेरी-तपकिरी.
मधे एक सरळ तंतू, त्यावर थर,
दोन्ही टोकं फुगीर.
काळी पोत तुटल्यावर
दोऱ्याला चार मणी अडकून राहतात ना, तसं.
तंतू कारखान्यातला.
मणी मात्र त्याचे स्वतःचे.
आतल्या पेशी एकेक करून आल्या,
गिळायला गेल्या, गिळता येईना,
मग आपल्याच रक्तातलं लोखंड
त्या परक्यावर थापत राहिल्या.
दुसऱ्या काचेवर रंग टाकला
की हे लोखंड निळं होतं,
शाळेतल्या दौतीसारखं निळं.

अंगठ्याने काउंटर दाबत जाते. टक्. टक्.
चहा आला. चहा निवला.
एका चौकोनात अकरा, पुढच्यात काहीच नाही,
त्याच्या पुढच्यात इतके
की पुन्हा पहिल्यापासून.

दाखल्यावर लिहिलंय : जुनाट दमा, बिडीचे व्यसन.
‘बिडी ओढायचे, खोटं कशाला बोलू,’
हौसाबाई म्हणते,
‘पण गोण्या तेच फोडायचे ना.
घरी आले की अंगभर पीठ.
गल्लीतली पोरं गिरणीवाला म्हणायची.
मी दारात झटकायचे कपडे,
तोंडाला पदरसुद्धा नाही.’
मी हे लिहून घेत नाही.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

दर सोमवारी येते, दोन बस बदलून,
पिशवीत कामगार विम्याचं जुनं कार्ड,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.
आज विचारलं, ‘सापडलं का?’
जोडवं हरवलंय, ते सापडलं का विचारावं तसं.
हो म्हणायला सरांची सही लागते.
मी मान हलवली.

ती गप्प बसली. मग म्हणाली,
‘उरलेला तुकडा मिळंल का?
बाकी सगळे रामकुंडात गेले.
तिथं हाडं पण विरघळतात म्हणे.
एवढेच मागं राहिलेत, तुमच्या बरणीत.’

केस चालू आहे, ठेवावं लागतं, मी म्हणाले.
‘किती दिवस?’
निकाल लागेपर्यंत.
‘लागू द्या. पण मग विरघळंल ना?’

काय विरघळतं
आणि काय जाळीवर राहतं
ते मी सकाळपासून पाहतेय.
अमरधामच्या आगीतही ते जळलं नसेल,
राखेबरोबर पाण्यात उतरलं असेल,
गाळात बसलं असेल, तसंच्या तसं.
मी म्हणाले, हो मावशी. विरघळेल.

ती जिना उतरते.
मधल्या पायरीवर थांबते, कठडा धरून.
वरून मला तिची पाठ तेवढी दिसते,
पोलक्याच्या शिवणीखाली
वर होणारी, खाली होणारी,
मधे अडून पुन्हा वर होणारी.

काउंटर आत टेबलावर आहे.
माझा अंगठा हलतोय.