टीप क्रमांक सत्तावीस

साखर पेठेत येमूलकाकांच्या माडीवर
सुताच्या बारदानात बांधलेले एकोणीस वार्षिक अहवाल,
आणि इतिवृत्ताची वही,
उंदरानं तिच्या पाठीचा एक घास घेतलेला.
काका बत्तीस वर्षं कंपनीचे हिशेबनीस.
म्हणाले, वाच, पण चटणीचा हात लावू नको.

माझ्या प्रबंधाचं नाव लांबलचक आहे:
संचालक मंडळाची रचना आणि कंपनीचं मूल्यांकन.
तीनशे बारा कंपन्या, सहा चलं, एक समीकरण.
ही त्यात बसत नाही.
माहिती अपुरी, म्हणून गाळायची.
गाळण्याआधी वाचतेय, इतकंच.

प्रत्येक ठराव सर्वानुमते.
सूचक तेच, अनुमोदक त्यांचेच व्याही,
चहापान, आभार, सभा संपली.
एकोणीस वर्षांत त्या खोलीत
कुणाला साधा खोकलाही आलेला दिसत नाही.

मग टीप क्रमांक सत्तावीस, मुंगीएवढ्या अक्षरांत:
अक्कलकोट रोडची साडेचार एकर जमीन
संबंधित पक्षास पुस्तकी किमतीला दिली.
पुस्तकी म्हणजे एकोणीसशे एकसष्टची.
माझ्या ज्ञानासारखीच, पुस्तकी.

संबंधित पक्ष म्हणजे कोण हो?
काका खिडकीकडे गेले.
खाली कुणाच्या तरी मागावर चादर चालली होती,
खट् खट् खट्, थांबायचं नाव नाही.
"सुनेचा भाऊ," ते तेलुगूत म्हणाले,
जणू मराठीत बोलले असते
तर नोंद झाली असती.

त्या टिपेच्या समासात पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह आहे.
इतकं फिकं, की पान उजेडात तिरकं धरावं लागतं.
तुम्ही केलंत?
"पेन चालवायचा अधिकार नव्हता, पोरी."

पुढच्या दहा वर्षांची रोकड
बारा टक्के वटावानं आजवर ओढून आणणं
मला येतं, झोपेतही येईल.
पण हे चिन्ह तेवीस वर्षं मागचं.
त्याच्यावर व्याज कुठल्या दरानं चढवायचं,
हे कुठल्याच प्रकरणात नाही.

सर विचारतील, नमुना किती?
एक.
सर चष्मा काढतील.

माझ्या तक्त्यात रकाना आहे: असहमती.
त्यात शून्य भरता येतं, किंवा एक.
मी शून्य भरलं, खोडलं,
एक भरला,
काका कडक भाकरी मोडत बघत होते, तोही खोडला.

अंधार पडल्यावर सगळं पुन्हा बारदानात घातलं.
सुतळी मी धरली,
गाठ त्यांनी मारली.