हात पाहून

खाणीच्या कॉलनीमागं नऊ खड्ड्यांचं मैदान आहे.
हिरवळ दसऱ्यापर्यंत टिकते,
मग जळक्या तेलात कालवून दाबलेल्या रेतीच्या
काळसर चकत्या, प्रत्येकीवर एक झेंडी.
आणि मधोमध बोडी, शिंगाड्याची.

बोडीचा ठेका बाबांचा.
शिंगाडे काढताना पायाला जे गोल लागायचं
ते पहिल्या वर्षी त्यांनी बदकाची अंडी म्हणून घरी आणलं.
आईनं त्यातलं एक उकळून पाहिलं होतं.
ती अजून कबूल करत नाही.

आता गेटाजवळ मोहाखाली आमची तीन घमेली.
पहिल्यात चिरलेले, पिवळे पडलेले, दहाला दोन.
दुसऱ्यात कडक सालीचे.
तिसऱ्यात ओला पंचा, पंच्यावर सात-आठ,
नख लावलं तर वळ राहील असे.
हे बाबा आपण होऊन कुणाला दाखवत नाहीत.

"नाव वाचून घेऊ नये, हात पाहून घ्यावा,"
असं ते म्हणतात. त्यांना वाचता येत नाही,
तेव्हा हे त्यांना सोपं जातं.
गिऱ्हाईक बॅग टेकवतं की आपटतं,
नुसत्या हवेत काठी फिरवली
तर सूं कुठं वाजतं, पायाशी की खांद्यामागं,
एवढं पाहून घमेल्यात हात घालतात.

मोहरील साहेब, नवे सर्व्हेअर,
खेळू लागून तीन आठवडे झालेले,
सरळ पंच्याकडे बोट करून म्हणाले, तो द्या, भारीतला.

"साहेब, हा मऊ हाय.
नेमका बसला त रेतीवर जागीच थांबते,
मनात आलं त मागं बी सरकते.
पण तुमचा मार अजून वाकडा जाते,
अन् हा वाकड्याले आणखी वाकडं करते.
दुसऱ्यातला घ्या.
तो तुमची चूक जरा कमी सांगते."

साहेबांनी दीडशे मोजले.
अर्ध्या तासानं बोडीतून डुबुक.
दुसऱ्या दिवशी तोच चेंडू, तीच निळ्या शाईची फुली,
पंच्यावर. भाव तोच.
पुन्हा डुबुक.
तिसऱ्या खेपेला साहेब न बोलता
दुसऱ्या घमेल्यावर वाकले,
आणि बाबांनी वर एक पिवळा फुकट दिला,
पाण्यावरून मारायला.

हेडाऊ ओव्हरमन रिटायर होऊन बारा वर्षं झाली.
त्यांची काठी आता झाडल्यासारखी फिरते.
त्यांच्यासाठी बाबा एकेक चेंडू पाट्यावर टाकतात,
कान लावतात. टण्ण वाजला की बाजूला.
ज्याचा आवाज पोटातून येतो, तो त्यांचा.
जोर ओसरलेल्या हाताला कडक चेंडू म्हणजे धोंडा.
पुसाच्या थंडीत तो चेंडू बाबा
सकाळपासून बंडीच्या खिशात ठेवतात.
हेडाऊकाका हातात घेतात, म्हणतात,
"गरम कसा काय बापा?"
बाबा म्हणतात, "ऊन."
ऊन तेव्हा आलेलं नसतं.

मी चेंडू धुते. सोडा, काथ्या, नंतर चिंचेचं पाणी.
संध्याकाळी माळी नळ बंद करून गेला
की बांबूच्या मुळाच्या काठीनं बोडीच्या पलीकडून मारते.
वर्षभर मला पहिल्यातलेच मिळाले,
त्यातही जास्त चिरलेले.
मी कधी मागितला नाही, त्यांनी कधी विचारलं नाही.
पण वेचत वेचत ते माझ्या मागं असायचे,
आणि मारताना त्यांच्या हातातली बादली
वाजायची थांबायची.

परवा धुतलेल्या ढिगाशेजारी
पंच्यावरचा एक वेगळा ठेवलेला दिसला.
नवीनच. कुणाचीच फुली नाही.
बाबा पाठमोरे, शिंगाडे मोजत होते.

मारला.
मला वाटतं चांगला बसला. हाताला काही लागलंच नाही.
चकतीपर्यंत गेला, टेकला,
सांगितल्यासारखा मागं फिरला,
आणि उतारानं, सावकाश, बोडीत.

बाबांनी मोजणं थांबवलं नाही.
"चौऱ्याऐंशी," म्हणाले. "पंच्याऐंशी.
सकाळी काढतो.
भाव तुले बी तोच."