एक्क्याण्णव

देगलूर रोडला, पिठाच्या गिरणीला खेटून माझं दुकान.
फळीवर जुने प्लग, रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेली जेटं,
भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
काढत नाही. मागं उधारी लिहिलेली आहे.

शिवकांताबाई आल्या तेव्हा मी फवारणी पंपाचा
मॅग्नेट पुसत होतो.
दोन्ही हातांत ग्रासकटर आडवा धरलेला,
लग्नघरातली समई नेतात तसा.
उदगीरच्या किल्ल्यातलं गवत कापायचं काम त्यांच्याकडं.
मशीन स्वतःचं असलं तर रोजचे सातशे.

‘मैनुभाई, दोरी ओढून ओढून खांदा गेला.
आन् मी ह्याला साधं पेट्रोल कधी पाजतच नाही.
पंपावरच्या पोराला सांगते, ते लाल नळीचं दे, महागाचं.
जे माझं पोट भरतंय
त्याच्या पोटात हलकं कसं घालू?’

कार्बोरेटरचे चार स्क्रू काढले.
आतला पडदा पापडासारखा कडक.
जेटाच्या तोंडाशी हिरवट साय.
‘हे पेट्रोल कधीचं?’
‘दिवाळीचं. गवत संपलं, उरलं ते बाटलीत ठेवलं.
एवढ्या महागाचं फेकू काय?’
होळी आठ दिवसांवर आलेली.

मग मला बोलावंच लागलं.

बाई, पंपावरचा तो आकडा ताकदीचा नसतो.
एक्क्याण्णव काय, पंच्याण्णव काय,
तो दमाचा असतो.
पिस्टन वर येतो, कोंडतो, दाबतो,
ठिणगी पडायच्या आधीच जे भडकतं त्याचा आकडा खालचा.
दाब सोसून ठिणगीची वाट बघतं, त्याचा वरचा.
काही इंजिनांत दाबच एवढा, तिथं तसलं धीराचं लागतं.
तुमचं हे मूठभर यंत्र.
ह्याला एक्क्याण्णवाचा धीर पुरून उरतो.
वरचे चार आकडे ह्याला कळतसुद्धा नाहीत,
तुमचे पैसे मात्र धुराड्यातून जातात.

ह्याला ताजं लागतं, बस.
महिन्याभरात संपेल एवढंच आणा.
टूटी ऑइल मापानं, मशीनवर लिहिलंय तेवढं, अंदाजे धार नको.
काम संपलं की टाकी रिकामी करा,
आणि आपोआप बंद पडेस्तोवर चालू द्या.
शिवाय आता पेट्रोलात ऊसही असतो.
ऊस पाणी किती ओढतो
हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.
तो बाटलीत गेला तरी सवय सोडत नाही,
हवेतनं ओढतो.

त्या बराच वेळ बाटलीकडं बघत राहिल्या.
‘म्हणजे दाबलं तरी जे लवकर पेटत नाही
त्याचा नंबर वरचा?’
‘हां.’
‘मग आमच्या गल्लीत निम्म्या बाया
लाल नळीच्या.’
आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या
की गिरणीवाला पिठाच्या भुवया घेऊन डोकावला.

मी हसलो नाही नीट.
मी लवकर पेटणारा माणूस.
समोरचं पंक्चरचं दुकान माझ्या धाकट्या भावाचं, मुबीनचं.
सहा वर्षं बोलणं नाही,
चौदाच्या एका पान्यावरून.

नवा पडदा बसवला, जेट फुंकलं,
गिरणीवाल्याच्या पोराला पाठवून साधं पेट्रोल आणवलं.
बाटलीतलं जुनं मी ठेवून घेतलं, चेन धुवायला.
तिसऱ्या ओढीला मशीन खोकलं,
चौथ्याला लागलं.
शिवकांताबाईंनी पदराला हात पुसले,
दोनशे दिले, वीस परत मागितले,
आणि ते वीस नव्या झाकणाच्या कॅनसाठी परत दिले.

सकाळी किल्ल्याकडून वारं होतं.
त्यावरून आवाज येत राहिला, बारीक, सलग,
कुठं अडखळला नाही.
मी चौदाचा पाना खोक्यातून काढला,
चिंधीनं पुसला, खिशात टाकला,
रस्ता ओलांडायला पायरी उतरलो.

तेवढ्यात जनरेटर घेऊन एक टेम्पो येऊन थांबला.
‘मिस्त्री, ह्यात कोणतं पेट्रोल टाकायचं?’