कच्चं

मिरजेत इम्तियाजच्या दुकानात
माझ्या जुन्या कॅमेऱ्यात त्यानं ते घातलं,
कंपनीनं न दिलेलं,
कुठल्या कुठल्या पोरांनी रात्री जागून लिहिलेलं.
"वॉरंटी गेली बरं का."
ती सहा वर्षांपूर्वीच गेली होती.
"आणि फसलं, तर वीट होते याची."
लाल बत्ती लुकलुकली.
आम्ही दोघं गप्प, नाडी सापडत नसल्यासारखे.
मग पडद्यावर आकडे उमटले,
एवढी लग्नं काढली पण कधी न दिसलेले:
सेन्सरचा ताप, कार्डाचा वेग,
आणि किती सेकंद जमेल त्याचा अंदाज.
बारा.

बारा सेकंदांत मंगलाष्टकाची एक ओळ होत नाही.
पण हे बारा कच्चे.
कॅमेरा त्यांना शिजवत नाही, वाळत घालत नाही,
ड्रममध्ये फिरवून चकचकीत करत नाही.
मी हरिपूरचा, मला एवढं कळतं:
कंद मातीसकट घरी आणायचा,
पुढचं आपल्या हातात.

एप्रिलात नेमगोंडा अण्णांचा निरोप,
शेवटचं पेव बुजवतोय, प्लॉट पाडायचेत,
तेवढी आठवण काढून ठेव.

शिवाप्पानं तोंडावरची फरशी सरकवली,
दोरीला कंदील बांधून आत सोडला.
विझला.
"थांबायचं," तो म्हणाला, आणि बिडी पेटवली.
दोन चहा झाले, अण्णांचे तीन फोन झाले.
दुसऱ्यांदा कंदील तळाला टेकून जळत राहिला.
मग अडुसष्टीचा शिवाप्पा
कमरेला दोर बांधून त्या अरुंद गळ्यातून
खालच्या मोठ्या पोटात उतरला.

मी तोंडाशी पालथा.
बटण दाबलं.
खालून वीस वर्षांपूर्वीच्या हळदीचा वास,
जवळजवळ औषधासारखा.
कार्ड धापा टाकायला लागलं,
हिरवी पट्टी पिवळी, पिवळी लाल,
बंद.
पडद्यावर काळं. नुसतं काळं.
अण्णा म्हणाले, "आलं का?"
मी म्हणालो, "बघू."

रात्री दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं एकेक सुटी झाली,
पंखा कण्हत होता, हार्ड डिस्क तुडुंब.
सगळी फिकट, आजारातून उठल्यासारखी,
त्यांवर गुलाबी ठिपके. ते आधी वेचले.
मग सावलीची पट्टी हळूच वर ढकलली
आणि काळं उसवत गेलं.
आधी कंदिलाची काच,
मग उसाच्या पाल्याचा कुजका थर,
मग शिवाप्पाचा चेहरा, वर बघणारा.
ओठ हलत होते.
यात आवाज नसतो.
एकशे नव्वदपासून दोनशे बारापर्यंत
तो काहीतरी म्हणाला होता,
आणि मी तिथंच, हातभर अंतरावर,
आकडे मोजत होतो.

चार दिवसांनी गेलो. पेवाच्या जागी मुरूम,
चार कोपऱ्यांना चुन्याच्या रेघा.
शिवाप्पा गोठ्याशी बसलेला.
"खाली उतरल्यावर काय म्हणालात?"
"मी? काय की. खोकलो आसंन."

मोबाइल पुढं केला.
स्वतःचा चेहरा त्यानं बघितलाच नाही.
बोट त्याच्या मागं, भिंतीवर गेलं,
जिथं मला फक्त भिंत दिसली होती.
"ह्ये बघ. कुदळीचं घाव.
समदं उजवीकडनं डावीकडं उतरलेत.
माझा बा डावरा होता."

मी काही बोललो नाही.
तो मोबाइल डोळ्यांजवळ नेत राहिला,
उन्हाला हाताचा आडोसा करत.
"आजून उजळतंय का रं?"
मी पट्टी अजून वर ढकलली.
अजून.
भिंत दाण्यादाण्यांत फुटली,
घाव विरले,
नुसता भुगा खदखदत राहिला.

"हां," शिवाप्पा म्हणाला,
"आली बघ माती."