जरा सरक

वेसाव्याच्या बँजो पार्टीचं गाणं
तीन रात्री माझ्याकडे पडून होतं.
स्टुडिओ म्हणजे आंबोलीत, रंगाच्या दुकानाच्या माळ्यावर
दहा बाय अकराची खोली, भिंतींना गाद्या
आणि थिनरचा वास,
जो कुठल्याच फिल्टरने जात नाही.

अडचण साधी होती. बँजो भांडखोर.
अडीच हजार हर्ट्झच्या आसपास
तारांची अशी ठिणगी उडवतो
की जयेंद्रचा आवाज नेमका तिथेच पाय ठेवतो
आणि पोळतो.

बँजो कमी करून बघितला:
वरात निघाली आणि नवराच घरी राहिला.
ती पट्टी कायमची कापून बघितली:
बँजोच्या तोंडात बोळा.

मग साइडचेन लावली.
म्हणजे बँजोला सांगून ठेवलं,
हा गाईल तेव्हा, तेवढ्याच पट्टीत,
जरा सरक.
उठून जायचं नाही, रुसायचं नाही.
पंगतीत उशिरा आलेल्याला देतात तशी
मांडी न मोडता चार बोटं जागा दे,
तो गप्प झाला की ये परत.
उंबरठा ठरवला. परतायला एकशेवीस मिलिसेकंद.

बँजो सरकला. पण आधीच.
जयेंद्रने तोंड उघडायच्या अर्धी मात्रा अगोदर
जागा रिकामी,
आणि तो पोचेपर्यंत मिटायला लागलेली.
दरवेळी.

चूक माझी.
किल्ली म्हणून जोडला गेला होता ट्रॅक नंबर अकरा.
'हिरोजी गाइड', मार्चमधला.
पोरांना चाल कळावी म्हणून
जयेंद्रच्या काकाने एकदाच गायलेला,
मध्ये खोकला,
शेवटी, "चाय सांगितलीस का गो?"
जूनमध्ये हिरोजी भानजी गेले.
ट्रॅक म्यूट केला होता, पुसायचा राहिला.

म्यूट केलेलं स्पीकरला कळत नाही.
फिल्टरला कळतं.
होडी धक्क्याला लागायच्या आत उडी मारायची सवय,
गाण्यातही तशीच. ते नेहमी आधी यायचे
आणि बँजो अजून त्यांनाच वाट देत होता.
खोकल्यालासुद्धा.

जयेंद्रला ऐकवलं. दोनदा.
"हे कोण येतंय आधी?" म्हणाला.
मी अकरा नंबर दाखवला.
तो बराच वेळ त्या करड्या पट्टीकडे बघत राहिला,
मग उठून एसी बंद केला,
आत गेला, हेडफोन चढवले.
"परत घे."

पाच टेक झाले. घामाने शर्ट पाठीला चिकटला.
पाचव्यात तो त्या मोकळ्या जागेत
वेळेवर उतरला, तीन कडव्यांत तरी.
चौथं अजून उशिराच आहे. तसंच ठेवलंय.

किल्ली बदलू का, विचारलं.
"कशाला?" म्हणाला, आणि स्कूटर काढायला गेला.

गाण्याच्या अगदी शेवटी,
गाणारं कुणी उरत नाही तिथे,
बँजो पाऊण सेकंद सरकतो.
लोकांना वाटेल, मिक्सिंगमध्ये राहून गेलं.